बदाम म्हणायचं नाही

आमच्या घरात पोकरच्या एकाही मॅचचा शेवट कोणी पाहिलेला नाही.

खरंच सांगते. मी नॉटिंगहॅममध्ये लहान असताना बाबांनी टीव्हीवरच्या पोकर टूर्नामेंट्सच्या निदान पंधरा कॅसेट भरल्या असतील, आणि पंधराच्या पंधरा ऐन शेवटच्या डावात कापल्या गेल्यात. कार्यक्रम लागायचा सगळे झोपल्यावर. बाबा व्हिडिओला टायमर लावून ठेवायचे. पेपरात छापलेली वेळ म्हणजे वेळ, असा त्यांचा विश्वास. पण आधीचं स्नूकर नाहीतर सिनेमा दहा मिनिटं लांबायचा आणि टायमरला ते कोण सांगणार. तो वेळेवर सुरू व्हायचा आणि वेळेवर बंद. त्यामुळे आमच्याकडे बऱ्याच सिनेमांचे शेवट होते, पोकरचा एकही नव्हता.

"अहो, पंधरा मिनिटं जास्तीची लावा की," आई म्हणायची.

"छापलंय ना सव्वाबारा," बाबा म्हणायचे. "त्यांनी पाळायला नको?"

हे सगळं आत्ता भराभर लिहून काढायचं कारण म्हणजे मागच्या गुरुवारी ऑफिसात जे झालं ते. पण ते सांगायच्या आधी एक गोष्ट सांगून टाकते, म्हणजे पुढचं कळेल. मी तोतरी आहे. टाइप करताना नाही, टाइप करताना माझा हात कोणी धरू शकत नाही, टीममध्ये सगळ्यात लांब मेसेज माझे असतात. बोलताना मात्र शब्द अडकतो. मराठीत कमी, इंग्लिशमध्ये जास्त, आणि सगळ्यात जास्त इंग्लिशमधल्या एचवर. मराठीतलं 'हो' मी धडाधड म्हणते. 'हॅलो' म्हणायला गेले की दार लागतं.

तर शनिवार सकाळ. आईची हॉस्पिटलमध्ये वीकेंड शिफ्ट असायची. ती साडेसहाला निघाली की घर बाबांचं आणि माझं. अकराच्या सुमाराला पडदे ओढून आम्ही कॅसेट लावायचो. मध्ये शेंगांची वाटी, कारण बाबांना आख्ख्या शेंगा लागायच्या, सोललेले दाणे त्यांना फसवणूक वाटायची. आधी दहा मिनिटं कोणीतरी कोणाला तरी स्टेशनवर मिठी मारायचं, नावं वर सरकायची, आणि मग ते हिरवं टेबल.

आता पोकर सगळीकडे दिसतं, पण तेव्हाचं वेगळं होतं. काळोखी खोली, सगळे सिगारेट ओढतायत, कोणाच्या अंगात कार्डिगन, कोणाच्या डोक्यावर टोपी, मिनीकॅब चालवणारे दिसावेत तसे लोक. आणि टेबलाच्या कडेला काच. काचेखाली कॅमेरा. खेळणारा आपली दोन पानं जरा उचलून बघायचा आणि ती आपल्याला दिसायची. टेबलावरच्या बाकीच्यांना नाही, फक्त आपल्याला. मी आठ वर्षांची, मला काही नियम कळत नव्हते, पण हे एक लगेच कळलं. त्या माणसाच्या हातात काय आहे ते त्याला पक्कं माहिती आहे, आणि समोरच्याला वाटतंय की याच्याकडे काहीच नाही. मी म्हटलं, अरे, हे तर माझं आहे. शाळेत माझं रोज असंच होतं. शब्द हातात असतो, फक्त उलटून दाखवता येत नाही.

आणि कॉमेंट्री करणारे दोघं. त्यांचे चेहरे कधी दिसायचे नाहीत, नुसते आवाज. त्यांची नावं पडद्यावर यायची तेव्हा बाबा चहा टाकायला गेलेले असायचे, म्हणून आम्ही आपले काकाच म्हणायचो. मोठी माणसं ना शेवटी. एक घाईकाका आणि एक थांबाकाका. घाईकाकांना प्रत्येक पान म्हणजे जगबुडी. वाक्य सुरू करायचे आणि कुठे संपणार ते त्यांनाच माहिती नसायचं. थांबाकाका प्रत्येक गोष्टीला म्हणायचे, "वेट. जस्ट वेट." मग एवढी शांतता की सिगारेटची राख पडलेली ऐकू यावी. त्यांना गप्प बसायची लाजच नव्हती. टीव्हीवर बसून, पगार घेऊन, गप्प. मला ते फार भारी वाटायचं.

बाबांनी मला पानं मराठीत शिकवली होती. किल्वर, चौकट, इस्पिक, बदाम. एक्का, राजा, राणी, गुलाम. काका म्हणायचे 'किंग ऑफ हार्ट्स', बाबा म्हणायचे 'बदाम राजा', आणि मला दोन्ही कळायचं, जसं आमच्या घरात सगळंच दोन-दोनदा कळायचं. फक्त एका शब्दावर बाबा स्वतः घसरले. घाईकाका ओरडायचे, "ही हॅज द नट्स." म्हणजे आता याला कोणी हरवूच शकत नाही, सगळ्यात वरचा हात. बाबांनी वाटीकडे बघून मला शांतपणे समजावलं, "म्हणजे सगळे शेंगदाणे त्याचे." कारण चिप्स, म्हणजे पैजेच्या चकत्या, म्हणून आम्ही दाणेच वापरायचो. पुढची कित्येक वर्षं आमच्या घरात पक्की खात्री असली की 'शेंगदाणे' म्हणायचं. बॉयलर दुरुस्त झाला का? शेंगदाणे.

मग कॅसेट कापली जायची. नेहमी ऐन वेळी. दोघांनी सगळ्या चिप्स पुढे ढकलल्यात, शेवटचं पान पडायचंय, घाईकाका म्हणतायत "अँड हिअर कम्स द," आणि खरखर. पडदा निळा.

पहिल्यांदा असं झालं तेव्हा मी रडायच्या बेतात होते. बाबांनी उठून टीव्ही बंद केला, खणातून पत्ते काढले, तीच पानं शोधून कार्पेटवर मांडली, उरलेला गड्डा पिसला आणि म्हणाले, "हं. पुढे काय झालं, तू सांग."

"म-मला काय म-माहिती?"

"कोणालाच माहिती नाही. म्हणून तर तू सांग."

मग मी घाईकाका झाले. आवाज जाड केला, त्यांचं इंग्लिश काढलं, आणि सांगायला लागले. आणि अडकले नाही. मोठं झाल्यावर कळलं की बऱ्याच तोतऱ्या लोकांना दुसऱ्याचा आवाज काढला की नीट बोलता येतं, त्यात जादू वगैरे काही नाही. तेव्हा मला वाटलं, आपल्याला रस्ता सापडला. कधी मध्येच अडकलेच, तर बाबा काय करायचे माहितीये? शेंग सोलायचे. माझ्याकडे बघायचे नाहीत, शब्द पुरवायचे नाहीत. कट्, टरफल वाटीत, दाणा तोंडात. तोपर्यंत माझा शब्द यायचा. नाही आला तर दुसरी शेंग.

आई एकदम उलटी. आईला दम धरवत नाही. माझं "आई, मला आज श-श" झालं की तिकडून "शाळेत? शनिवारी? शीतपेय? शिंक आली?" अशी यादी यायची. प्रेमानेच, पण माझं वाक्य तिच्या घरी जाऊन पोचायचं.

आता शाळेतलं. पाऊस असला की मैदानात न सोडता वर्गातच खेळायला देतात, त्याला वेट प्ले म्हणतात, वेट म्हणजे ओलं. नॉटिंगहॅममध्ये म्हणजे अर्धं वर्ष वेट प्लेच. टेबलावर पत्ते आले आणि मी खूश, कारण इथे मी शेंगदाणे. एका मुलाने पान उचलून विचारलं, "हे काय आहे?" बदामाचा एक्का होता. मला 'एस ऑफ हार्ट्स' म्हणायचं होतं. एस झालं, ऑफ झालं, आणि एचवर दार लागलं. सगळे टकामका बघायला लागले. मग मी तेच केलं जे मी नेहमी करायचे, शेजारचा शब्द उचलला. शेजारचा शब्द होता बदाम. पण शाळेत मराठी नाही चालणार, म्हणून तोंडाने स्वतःच त्याचं इंग्लिश करून टाकलं. "एस ऑफ आमंड्स."

आख्खं टेबल आडवं झालं. आणि बाईंनी, अगदी मायेने, माझ्या खांद्यावर हात ठेवला, "हार्ट्स, डक. कॅन यू से हार्ट्स?" डक म्हणजे तिकडचं 'बाळा'. आणि सगळा वर्ग गप्प होऊन वाट बघायला लागला. मी नाही म्हणू शकले. घंटा झाली तेव्हा मी अजून एचवरच उभी होते.

त्यानंतर वीस वर्षं मी तो शब्द म्हटला नव्हता. हे मी वाढवून सांगत नाहीये. 'हार्ट' टाळायला किती शब्द लागतात बघा. हार्ट अटॅकला मी 'कार्डिअ‍ॅक' म्हणते, लोकांना वाटतं मी किती शिकलेली. पोकर पुढे स्वतः खेळायला लागले तेव्हा 'रेड', 'द अदर रेड', आणि पाचही पानं एकाच जातीची असली की 'फ्लश'. मी टाळण्यात इतकी हुशार झाले की केंब्रिजच्या ऑफिसात अर्ध्या लोकांना माहितीच नव्हतं मी तोतरी आहे. त्यांना वाटायचं मी विचार करून बोलते.

आणि मग आमच्या सोशल क्लबने पोकर टूर्नामेंट काढली. आमचं ऑफिस आणि क्रॉयडनचं ऑफिस, बक्षीस एक कप, बाकी काही नाही. फायनल टेबल गुरुवारी चारला, मोठ्या मीटिंग रूममध्ये, क्रॉयडनला बघता यावं म्हणून लाइव्ह स्ट्रीम. कॉमेंटेटर हवेत म्हणून स्प्रेडशीट आली आणि मी नाव टाकलं. मी म्हणजे माझ्या बोटांनी. बोटांनी तोंडाला विचारलंच नाही.

शेजारी बसणारी माझी मैत्रीण पुण्याची आहे, दोन वर्षांपूर्वी व्हिसावर आली. तिने खुर्ची वळवून माझ्याकडे बघितलं.

"तू? कॉमेंट्री?"

"हो."

"तू मीटिंगमध्ये 'येस'च्या जागी थम्सअप देतेस."

"माहितीये."

"मग काढ नाव."

"नाही काढणार."

तिने माझ्या खाली स्वतःचं नाव टाकलं. "मला फक्त तीन पत्ती येते. मी फ्लशला कलर म्हणणार, आधीच सांगते. आणि तू अडकलीस तर मी घेते, टेन्शन नको."

"घ्यायचं नाही," मी म्हटलं.

"अगं, लाइव्ह आहे."

"म्हणूनच. माझा शब्द तू संपवायचा नाहीस. कितीही वेळ लागला तरी. आणि मी बदाम म्हणायचं नाही."

"बदाम का म्हणशील?"

मग मी तिला वेट प्लेचं सांगितलं. ती हसली नाही. हसली थोडी, आमंड्सला, पण ते ठीक आहे, मलाही आता हसू येतं. म्हणाली, "म्हणजे तुला गुरुवारी एकदा हार्ट्स म्हणायचंय. बस. एवढंच."

एवढंच. बावन्नातली तेरा पानं.

आठवडाभर मी तयारी केली. बाबांच्या कॅसेट आता चालत नाहीत, पण मला काका पाठ आहेत. बाथरूममध्ये घाईकाका होऊन मी हार्ट्स पन्नासदा म्हटलं, अगदी गुळगुळीत. मग मला कळलं की हे पण टाळणंच आहे. ते हार्ट्स घाईकाकांचं होतं, माझं नव्हतं. मग माझ्या आवाजात म्हणून बघितलं. बावीस वेळा प्रयत्न, चारदा आलं. मी ठरवलं, चार म्हणजे शून्य नाही. घरच्यांना लिंक पाठवली. आईने लगेच विचारलं, "काय घालणारेस?" बाबांनी विचारलं, "छापील वेळ काय आहे?"

छापील वेळ चार ते पाच होती. पण आधीची मीटिंग लांबली, लोक व्हाइटबोर्डसमोरून हलेचनात, आणि आम्ही सुरू केलं सव्वाचारला.

सुरुवातीलाच मी बोलून टाकलं, इंग्लिशमध्ये, की मी तोतरी आहे, मध्ये मध्ये थांबेन, तुमचं इंटरनेट बरोबर आहे. हे वाक्य मी लिहून आणलं होतं आणि त्यातही दोनदा अडकले. पण समोरचे हसले ते विनोदाला हसले. आणि मग खेळ सुरू झाला आणि मी बोलत सुटले. मला इतकं बोलायचं असतं हे मलाच माहिती नव्हतं. मैत्रीण कलर-कलर करत होती, क्रॉयडनवाले चॅटमध्ये कलर म्हणजे काय विचारत होते, आणि बदामाचं पान आलं की मी, सांगायला लाज वाटते, 'रेड' म्हणत होते. तीनदा म्हटलं. तिसऱ्यांदा मैत्रिणीने टेबलाखालून पायावर पाय दिला.

शेवटी दोघं उरले. आमच्या कँटीनचा शेफ आणि क्रॉयडनच्या पेरोलमधल्या एक बाई, खास त्यासाठी ट्रेनने आलेल्या, चष्मा गळ्यात. शेफच्या हातात दोन राजे. बाईंच्या हातात बदामाचा एक्का आणि बदामाचीच नव्वी. टेबलावर दोघांना सामाईक तीन पानं आली, चौकट राजा आणि दोन लहान बदाम. शेफचे तीन राजे झाले. चौथं पान किल्वर गुलाम, कोणाच्या उपयोगाचं नाही. आणि दोघांनी सगळ्या चिप्स पुढे ढकलल्या आणि हातातली पानं उलटून दाखवली.

आता एकच पान उरलं. राजा-गुलाम सोडून कुठलंही बदाम पडलं तर पाच बदाम होऊन बाई जिंकल्या. दुसरं काहीही पडलं तर शेफ. मी हे सगळं सांगितलं, 'वन मोअर रेड' करत, आणि मला स्वतःचाच राग आला. कार्पेटवर शंभरदा मांडलेला डाव होता हा. ऐन इथेच निळा पडदा यायचा.

डीलरने पान उलटलं. बदाम चौकी.

"द फोर ऑफ," मी म्हटलं, आणि दार लागलं.

मला सगळं दिसत होतं. 'फ्लश' तिथेच होता, फ वर मला काही होत नाही. 'नट्स' तर तोंडात येऊन बसला होता, आणि खराही होता, बाईंना आता कोणी हरवू शकत नव्हतं. बदाम पण होता. तिन्ही दारं उघडी. मी बंद दारासमोर उभी राहिले. खोलीतले सगळे पान बघत होते, मग माझ्याकडे बघायला लागले. मैत्रिणीच्या हातात पेन होतं, ती कागदावर चौकोन काढत होती, एकावर एक, एकावर एक, आणि तिने ओठ आत ओढून दाताखाली धरले होते. तिने दिला नाही शब्द. मी थांबले. आपल्याला गप्प बसायची लाज वाटायला नको, एवढंच डोक्यात होतं. वेट. जस्ट वेट.

"हार्ट्स," मी म्हटलं.

माझ्याच आवाजात, थोडं चिरकं. पेरोलच्या बाईंनी चष्मा लावून पान परत एकदा बघितलं आणि शेफशी हात मिळवला. लोक टाळ्या वाजवायला लागले, त्या बाईंसाठी. त्यांना काय माहिती. मैत्रिणीने पेन खाली ठेवलं. "अकरा सेकंद," ती म्हणाली. "माझी जीभ चावली गेलीये."

आणि तेव्हा तिने लॅपटॉपकडे बघितलं. "अगं. स्ट्रीम कुठेय?"

पडदा निळा होता. रूमचं बुकिंग पाचपर्यंत, स्ट्रीम बुकिंगला जोडलेला, पाचला आपोआप बंद. आम्ही उशिरा सुरू केलं त्याला कोण काय करणार. चॅटमध्ये क्रॉयडन पेटलं होतं, फोर ऑफ काय, फोर ऑफ काय, कोण जिंकलं. शेवटचं त्यांनी ऐकलं ते माझं 'द फोर ऑफ'. माझी बोटं की-बोर्डकडे निघालीच होती, एका सेकंदाचं काम, पण फोन वाजायला लागला. बाबा. क्रॉयडनला मैत्रिणीने टाइप करून टाकलं आणि मी फोन घेऊन खिडकीपाशी गेले. बाहेर अंधार पडला होता, सायकलींचे दिवे लागले होते.

"बंद पडलं," बाबा म्हणाले. "तू 'ऑफ' म्हणालीस आणि बंद."

मागून आईचा आवाज, "ती रेड म्हणाली तेव्हा मी इथून तीनदा सांगितलं तिला. हार्ट्स, हार्ट्स. ऐकू जातंय का तिला."

"तिला सगळं ऐकू जातं, तू बस जरा," बाबा आईला म्हणाले. मग मला, "पान तेवढं दिसलं नाही. पाच वाजले ना. छापलेलंच होतं."

"बाबा, तुम्ही दोघांनी सगळं बघितलंत?"

"चारपासून. आधी पंधरा मिनिटं नुसती खुर्ची दिसत होती, ती पण बघितली." मग म्हणाले, "हं. पुढे काय झालं, तू सांग."

मला हसायला आलं. बाबांशी बोलताना 'बदाम चौकी' म्हणणं किती सोपं. आमच्या घरात तेच म्हणतात, कोणी टाळणं म्हणालं नसतं त्याला. मी मराठीत होते, घरी असल्यासारखी, आणि जिभेवर ब तयार होता. मी तो गिळला.

"बाबा, ती होती फोर ऑफ," मी म्हटलं, आणि अडकले.

"अगं सांग ना, बद," आई मागून सुरू झाली आणि एकदम थांबली. बाबांनी हात केला असणार.

मग फोनवर काहीच नाही. नुसतं दोघांचं तिकडे बसणं. आणि मग अगदी जवळून, स्पष्ट, कट्. शेंग फुटली. टरफल वाटीत पडलं. मी तिथेच उभी, कपाळ काचेला लावून, एच धरून. दुसरी शेंग फुटली. मला घाई नव्हती. वाटी भरलेली असणार, मला माहिती होतं.